रक्त काढण्याआधीचा अर्धा तास

बेकरीवाल्या काकूंना गल्लीत सगळे पाठीमागे ‘भोंगा’ म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. सकाळी त्यांचा आवाज फुटला की गल्ली उठायची आणि त्यांनी दुपारी तासभर डोळा लावला की गल्लीतल्या लेकुरवाळ्या बायका आपापली पोरं निजवून घ्यायच्या. आवाज मोठा होता, पण खोट नव्हती त्यात. कुणाला पाव देताना दोन शब्द सुनावले नाहीत, तर त्या माणसालाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

पुढे काउंटर, मागे भट्टी, मध्ये भिंत आणि भिंतीत हातभर खिडकी, अशी बेकरीची रचना. भट्टीपाशी काका. खिडकीतून इकडे गरम पावांचे ट्रे यायचे आणि तिकडे काकूंचं बोलणं जायचं. ‘अहो, कडा करपल्यात! डोळे कुठे ठेवलेत? अहो, त्या ओल्या फडक्याने ट्रे धरू नका, हात भाजेल! अहो, पिठाच्या पोत्यावर बसू नका म्हणून किती वेळा सांगायचं!’ या साऱ्यावर भिंतीपलीकडून एकच उत्तर यायचं. ‘बरं.’ काका मुळातच कमी बोलणारे आणि सगळा संसार त्यांनी या एका शब्दावर निभावून नेला होता. ते ‘बरं’ कानावर पडल्याशिवाय काकूंचं पान हलायचं नाही.

म्हणूनच तर काका वाचले.

त्या सकाळी काकू ओरडल्या, ‘अहो, बिस्किटांचा ट्रे कुठे राहिला?’ आणि पलीकडून काही आलं नाही. गिऱ्हाईक समोर उभं होतं, हातात सुटे पैसे होते. काकूंनी सगळं तसंच टाकलं आणि आत धावल्या. काका त्याच पिठाच्या पोत्यावर बसले होते, ओठ काळेनिळे, श्वास पुरत नव्हता. दूधगाडीवाला बाहेर क्रेट उतरवत होता. त्याने काकांना उचलून गाडीत निजवलं आणि उरलेलं दूध घेऊन, लोकांच्या दाराशी न थांबता, थेट इस्पितळ गाठलं.

त्या दिवसापासून काकू त्याचे उपकार विसरल्या नाहीत. रोज त्याला ऐकवायच्या, ‘मेल्या, गाडीचं दार नीट लावत जा, एक दिवस सगळं दूध रस्त्यावर सांडशील!’ आणि तोंड चालू असतानाच सगळ्यात मऊ पाव त्याच्या हातात कोंबायच्या. आभार मानण्याची काकूंची पद्धत ही अशी होती. दुसरी त्यांना येत नव्हती.

काकांच्या हृदयाची एक झडप झिजली होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. झडप बदलायला हवी, पण लगेच नाही. हृदय थकलंय, फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलाय. आधी औषधांनी तो उतरवायचा, अंगातलं साठलेलं पाणी काढायचं, मग ऑपरेशन.

‘आणि आमच्याकडे एक तपासणी चालू आहे,’ डॉक्टर म्हणाले. ‘हृदयरोग्यांच्या रक्तात, रक्तवाहिन्या आवळणारी जी द्रव्यं असतात, ती किती आहेत ते आम्ही मोजतोय. त्यातलं एक एंडोथेलिन. काकांचंही मोजू. एका आकड्यावर मी कुणाची छाती उघडत नाही आणि बंदही ठेवत नाही. पण तो उतरत गेला तर मला धीर येईल.’

‘आणि चढत गेला तर?’ काकूंनी विचारलं.

‘तर ऑपरेशन झेपेल की नाही, याचा पुन्हा विचार करावा लागेल.’

काकू त्या कागदावरच्या चित्राकडे बघत राहिल्या. एवढा लांबलचक आजार, एवढी मोठाली यंत्रं, आणि सगळं येऊन थांबलं होतं ते कुठल्याशा न दिसणाऱ्या आवळणाऱ्यावर.

रक्त घ्यायची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. एक खाट, उबदार पांघरूण, एक खुर्ची आणि घट्ट लावलेली खिडकी. रक्त घेणाऱ्या बाई हातात बर्फाची बादली घेऊनच आत आल्या. रक्ताची नळी भरली की लगेच बर्फात रोवायची, नाहीतर आकडा बिघडतो, म्हणून. काकूंनी मनातल्या मनात त्यांचं बारसं करून टाकलं, बर्फवाल्या बाई.

‘काका, आता अर्धा तास नुसतं पडून राहायचं,’ बर्फवाल्या बाई म्हणाल्या. ‘उठायचं नाही, बोलायचं नाही. खोलीत दुसऱ्या कुणीही बोलायचं नाही. हे द्रव्य फार हळवं असतं. माणूस उभा राहिला, गारठला, विडी ओढली, घाबरला, चिडला, की ते वर चढायला बघतं.’

‘पण हा शत्रू अंगात शिरला कुठून?’ काकूंना राहवेना.

बाई हसल्या. ‘शत्रू नाही हो. रक्तवाहिन्यांचं अस्तरच ते तयार करतं. हृदय दमलं की शरीर घाबरतं. आता रक्त सगळीकडे पोचायचं कसं, म्हणून नळ्या आवळून दाब राखायला बघतं. करतं बिचारं काळजीपोटीच. पण अति करतं आणि दमलेल्या हृदयावरच ओझं पडतं.’

काकूंबरोबर वन्सं आल्या होत्या, काकांची धाकटी बहीण. वन्संनी काकूंकडे एकवार पाहिलं. त्या एका नजरेत बरंच काही होतं.

परत येताना बसमध्ये काकांचा पुढच्या बाकावर डोळा लागला, तेव्हा वन्संनी ते बोलूनही दाखवलं. ‘वहिनी, रागावू नका. पण ऐकलंत ना त्या बाई काय म्हणाल्या? माणूस चिडला, घाबरला की नळ्या आवळतात. आमच्या दादाला आयुष्यभर एक क्षण तरी शांतता मिळाली का? सकाळपासून तुमचा आपला तोंडाचा पट्टा सुरू.’

एरवी वन्संना भट्टीत घालून काढलं असतं काकूंनी. वन्सं वर्षातून दोनदा यायच्या आणि उंटावरून शेळ्या हाकून जायच्या. पण त्या दिवशी काकूंच्या डोक्यात बर्फवाल्या बाईंचंच वाक्य घोळत राहिलं. काळजीपोटीच करतं, पण अति करतं. हे बाई शरीराबद्दल बोलल्या होत्या की आपल्याबद्दल? पहिल्या रक्ताचा आकडा आला आणि तो चांगलाच चढा निघाला, तेव्हा काकूंची खात्रीच पटली. तो आवळणारा म्हणजे आपणच.

त्यांनी कानाला खडा लावला आणि मिठाची गुळणी धरली.

बोलणाऱ्या माणसाला गप्प बसायला काय कष्ट पडतात, ते न बोलणाऱ्याला कळायचं नाही. काकांना डॉक्टरांनी थोडा वेळ भट्टीपाशी बसायची परवानगी दिली होती. जड काम एका मदतनीस बाईने उचललं होतं. काका फक्त आच बघायचे आणि ट्रे केव्हा काढायचा ते सांगायचे. काकू काउंटरवर दातांखाली जीभ धरून उभ्या राहायच्या. पाव करपले तर ‘असू देत’. काका ओल्या फडक्याने ट्रे धरताना दिसले तर काकू दुसरीकडे बघायच्या. काका पिठाच्या पोत्यावर बसले तर त्यांनी मुकाट्याने पाठीमागे उशी आणून ठेवली.

गोळ्यांचंही तसंच. पहिल्या दिवसांत चहा आणि गोळ्या खिडकीतून आत सरकवून काकू ‘गोळीऽऽ!’ अशी आरोळी ठोकायच्या आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत खिडकीतून हलायच्या नाहीत. काकांनी गोळी घेतली की नाही ते गल्लीच्या टोकापर्यंत कळायचं. आता डब्याच्या झाकणात गोळ्या मांडून त्या हळूच खिडकीत ठेवायच्या, ‘घ्या हं सावकाश’ म्हणायच्या आणि मागे वळायच्या. समोर उभं राहिलं की तोंड उघडेल, ही भीती. नवऱ्याशी इतकं गोड त्या लग्नाच्या पहिल्या आठवड्यातही बोलल्या नव्हत्या.

गल्लीला काही कळेना. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना उठायला उशीर होऊ लागला. दूधगाडीवाल्याने एकदा मुद्दाम दार उघडं टाकलं आणि वाट पाहिली. काकू नुसत्या ‘धन्यवाद हं’ म्हणाल्या. तो पाव तसाच हातात धरून उभा राहिला. ‘काकू, माझं काही चुकलं का?’ त्याने विचारलं.

आणि काका बदलले.

एक दिवस त्यांनी काकूंना आत बोलावलं आणि पीठ किती वेळ मुरू द्यायचं, ओला पाव बोटाने दाबला की किती वर यायला हवा, भट्टीच्या डाव्या कोपऱ्यात आच जास्त असते म्हणून ट्रे कधी फिरवायचा, ते नीट शिकवलं. इतक्या वर्षांत त्यांनी भट्टीला कुणाला हात लावू दिला नव्हता. ‘तुला यायला हवं,’ एवढंच म्हणाले. काकूंना वाटलं, काका आता विश्रांती घ्यायचं मनावर घेताहेत. बरं वाटलं त्यांना.

मग काकांनी शेजारच्या चांभारदादांकडून आणलेला पाना परत केला, जो कधीपासून घरात पडून होता. पंचवीसदा मागूनही न मिळालेला पाना हातात पडल्यावर चांभारदादाच घाबरले. मग एका सकाळी काकूंनी खिडकीतून चहा दिला, तेव्हा पलीकडून ‘बरं’ आलं नाही. काका खिडकीपाशी आले, त्यांनी काकूंच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘फार केलंस तू माझ्यासाठी.’

काकू मागच्या मोरीत जाऊन, नळ सोडून, पोटभर रडल्या. आपण आयुष्यभर या देवमाणसाला टोचून खाल्लं आणि तो मात्र आपले आभार मानतोय.

दुसऱ्यांदा रक्त दिलं. आकडा आणखी चढला होता. पायांवर सूजही दिसत होती. डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ‘औषधं तर तीच आहेत,’ ते म्हणाले. ‘गोळ्या वेळेवर घेताय ना?’

‘बरं,’ काका म्हणाले. डॉक्टरांनी ते ‘हो’ म्हणून लिहून घेतलं.

डॉक्टरांनी पाणी काढायची गोळी वाढवून दिली. पुन्हा रक्त बघू म्हणाले, आणि पुढच्या खेपेलाही असंच असेल तर ऑपरेशनचं तूर्त नाव काढता येणार नाही. काकू घरी आल्या आणि आणखी गप्प झाल्या. आधी बोलत नव्हत्या, आता काकांकडे रोखून बघणंही सोडलं. नजरेतूनही काही निसटायला नको.

तिसऱ्या खेपेला दोघंच गेले. खोली तीच, खाट तीच. बर्फवाल्या बाईंनी काकांना निजवलं, पांघरूण घातलं, ‘अर्धा तास, शांत’ म्हणाल्या आणि काकूंकडे पाहून प्रेमाने ओठांवर बोट ठेवलं. दार लागलं. खोलीत इतकी शांतता पसरली की बादलीत बर्फाचा खडा सरकलेला ऐकू आला.

काकांचा कोट खुर्चीवर चोळामोळा होऊन पडला होता. काकूंनी तो उचलून झटकला. अंगवळणी पडलेलं काम ते. आतल्या खिशातून कसलीशी पुडी खाली पडली. पाव गुंडाळतात त्या बेकरीच्याच कागदाची, नीट घडी घातलेली. काकूंनी ती उघडली.

आत गोळ्या होत्या. छोट्या, पांढऱ्या, पाणी काढायच्या. मूठभर.

काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या. आधी काही कळेना. मग हळूहळू कळत गेलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. काका डोळे मिटून पडले होते. अर्धा तास बोलायचं नाही. माणूस चिडला की आकडा चढतो. आकडा चढला की ऑपरेशन नाही. काकूंनी पदराचा बोळा तोंडात धरला. भिंतीकडे तोंड केलं. मनात अंक मोजायला घेतले आणि चारापर्यंत पोचल्या.

‘अहो!’

काकांनी डोळे उघडले.

‘हे काय आहे? काय आहे हे? मी तिकडे देव पाण्यात घालून बसलेय, जिभेला गाठ मारून बसलेय आणि तुम्ही गोळ्या खिशात जमवताय? कुणासाठी? लग्नात अक्षता म्हणून वाटायच्यात? पाय बघा स्वतःचे, मुरलेल्या पिठासारखे फुगलेत! तो डॉक्टर बिचारा डोकं खाजवतोय, औषध का लागू पडेना, ती बाई बर्फात हात घालघालून गारठली आणि इथे आमचे साहेब गोळीला घाबरतात! लाज नाही वाटत? अहो, मी विचारतेय, लाज नाही वाटत?’

भिंती हादरल्या. कॉरिडॉरमध्ये कुणाच्या तरी हातातून ट्रे पडला. काकूंना ते ऐकू आलं नाही, कारण त्या काकांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. काका चिडले नव्हते. काका हसत होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

‘म्हणजे मी मरत नाहीये?’ काका म्हणाले.

‘मरताय? मला न विचारता?’ काकू ओरडल्या. ‘कुणी सांगितलं तुम्हाला, मरताय म्हणून?’

‘तूच.’

‘मी? मी कधी...’

‘तू बोलायची थांबलीस,’ काका म्हणाले. ‘मला वाटलं, डॉक्टरांनी तुला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं असणार, आता काही दिवसांचेच सोबती. नाहीतर तू गप्प बसशील का? पाव करपले तरी असू देत म्हणालीस. मी पोत्यावर बसलो तर उशी आणलीस. त्या उशीने तर माझा धीरच सुटला बघ.’

काका एका दमात इतकं बोललेले काकूंनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

‘मग विचारायचं नाही मला?’

‘विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं. तुझ्या तोंडून ते वदवून घ्यायचं जिवावर आलं.’ काकांनी पुडीकडे पाहिलं. ‘ती गोळी घेतली की सारखं उठावं लागतं. म्हटलं, उरलेले दिवस भट्टीपाशी तरी सलग बसावं. फेकवत नव्हत्या. तू आणलेल्या.’

काकू खाटेच्या कडेवर बसल्या. रडू आलं, रागही आला आणि हे दोन्ही एकाच वेळी आलं. वन्संचं बोलणं, बर्फवाल्या बाईंचं बोलणं, आपली मिठाची गुळणी, सगळं त्यांनी भडाभडा सांगून टाकलं. दोघंही एकमेकांना जपत होते आणि त्या जपण्यापायी माणूस हातचा जायची वेळ आली होती.

दार उघडलं. बर्फवाल्या बाई उभ्या होत्या. काकूंच्या एकदम ध्यानात आलं की तपासणीचा आपण पार विचका केला. त्या अपराध्यासारख्या उठल्या आणि पुडी पुढे केली.

बाईंनी गोळ्या पाहिल्या. ‘हे डॉक्टरांना सांगायलाच हवं,’ त्या म्हणाल्या. मग काकांचे ओले गाल पाहिले. ‘अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. नियम म्हणजे नियम. काकू, तुम्ही बाहेर बसता?’

‘राहू द्या तिला,’ काका म्हणाले.

‘राहा. पण आता मात्र अगदी गप्प.’

काकू खुर्चीवर बसल्या. पण ही शांतता वेगळी होती. तिच्यात पोटात काही दडवलेलं नव्हतं. थोड्याच वेळात काका घोरायला लागले. झोपलेल्या माणसाच्या हातातून बाईंनी रक्त घेतलं, नळी बर्फात रोवली, आणि त्यांना जाग आली नाही.

डॉक्टरांनी दोघांचीही हजेरी घेतली. ती काकूंनी मान खाली घालून ऐकली, आणि आजवर इतकं छान कुणी आपल्याला रागावलं नव्हतं, असंही त्यांना वाटलं. त्या दिवशीचा आकडा चढाच होता, मागच्यापेक्षा किंचित खाली, इतकंच.

‘माझ्यामुळे चढला होता का हो डॉक्टर, तो आवळणारा?’ काकूंनी विचारलं. ‘खरं सांगा. मी बोलते म्हणून?’

‘एका माणसावरून मी काहीच सांगू शकणार नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘गोळ्या चुकवल्या म्हणून चढला, जिवाची धास्ती घेतली म्हणून चढला, की आजारच वाढत होता, कुणास ठाऊक. एवढं मात्र मला नक्की माहीत आहे, की औषध वेळेवर पोटात जायला हवं. आधी ते काम कोण करत होतं?’

‘मी.’

‘मग उद्यापासून कामावर रुजू व्हा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत आरोळी घुमली. ‘गोळीऽऽ! अहो, जीभ वर करा, बघू दे मला! गिळलीत? तोंड उघडा!’

वरच्या मजल्याची खिडकी धाडकन उघडली. ‘आलात का परत?’ मास्तर ओरडले. ‘अहो काकू, बरं झालं हो! मी रोज शाळेत उशिरा पोचत होतो!’ दूधगाडीवाल्याने गाडी मध्येच थांबवून नुसताच हॉर्न वाजवला. चांभारदादांनी पाना पुन्हा न्यायला हरकत नाही, असा निरोप पाठवला. आणि भिंतीपलीकडून, खिडकीतून, गरम पावाच्या वासाबरोबर आलं, ‘बरं.’

वन्संना सगळं कळलं तेव्हा त्या बस पकडून आल्या. काउंटरपाशी उभ्या राहून बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. ‘वहिनी,’ शेवटी म्हणाल्या, ‘तोंड चालू ठेवा.’ काकूंनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं आणि जाताना दोन पिशव्या भरून पाव दिले. वन्सं डोळे पुसत गेल्या.

आकडा उतरू लागला. पायांची सूज गेली, श्वास पुरू लागला, फुप्फुसांतला दाबही उतरला. एक दिवस डॉक्टरांनी कागदांवरून मान वर केली आणि म्हणाले, ‘मला धीर आलाय.’ ऑपरेशनची तारीख ठरली.

ऑपरेशनच्या सकाळी काकांना स्ट्रेचरवर निजवून नेत होते. मोठ्या दाराशी परिचारिका म्हणाली, इथपर्यंतच. काकूंनी रात्रभर मनाशी वाक्यं जुळवली होती. आयुष्यात एकदा तरी सरळ, साध्या शब्दांत बोलायचं ठरवलं होतं. त्यांनी काकांचा हात धरला. ‘अहो,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही मला... तुमच्यासारखा माणूस मला मिळाला, हे माझं...’

काकांचा चेहरा पांढरा पडला. ‘असं नको बोलूस गं,’ ते म्हणाले. ‘भीती वाटते.’

काकूंनी त्यांचं पांघरूण ओढून नीट केलं. ‘मग सरळ निजा की! मान अशी वाकडी काय केलीत? आणि आत गेल्यावर ते सांगतील तसं ऐका, उगाच शहाणपणा नको. माझी भट्टी पेटवलेली आहे तिकडे, डावा कोपरा तुम्हीच सांभाळायचाय. लवकर या परत. ऐकलंत का?’

काकांचा रंग परत आला. दार लागलं. कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर बसून काकूंनी ते राहिलेलं वाक्य बंद दाराला पूर्ण सांगितलं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या नाकावर मास्कचे वळ उठले होते. ‘झालं. छान झालं,’ ते म्हणाले. काकूंना त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. डोळ्यांना धारा लागल्या, आणि तोंडातून निघालं ते असं, ‘सकाळपासून काही खाल्लंत का तुम्ही? तोंड बघा किती उतरलंय! लोकांची हृदयं सांभाळता, स्वतःच्या पोटाचं काय?’ पिशवीतून त्यांनी पाव काढला. डॉक्टरांनी तो तिथेच, उभ्याउभ्या, कॉरिडॉरमध्ये खाल्ला. शेवटच्या तुकड्यापर्यंत काकू समोरून हलल्या नाहीत. बर्फवाल्या बाईंसाठी वेगळा बांधून आणलेला त्यांनी नंतर खोलीत नेऊन दिला. ‘गार हातांनी खाऊ नका, आधी हात शेका,’ असंही बजावलं.

काकांना बघायला सोडलं ते दुसऱ्या दिवशी. आजूबाजूला यंत्रं, हाताला नळ्या. घशातली नळी नुकतीच काढली होती. डोळे मिटलेले. परिचारिका म्हणाली, शुद्धीवर आहेत, पण अजून बोलले नाहीत कुणाशी.

काकू खाटेजवळ उभ्या राहिल्या. खोलीत शांतता होती, यंत्राची टिकटिक तेवढी. त्यांना पिठाचं पोतं आठवलं, आणि खिडकीतून काहीच आलं नव्हतं ती सकाळ.

‘अहो,’ त्या म्हणाल्या. मग त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा म्हणाल्या, ‘अहो. किती झोपायचं ते? आज पहाटे मी पाव केले, डाव्या कोपऱ्यातले सगळे करपले. तरी लोकांनी नेले मुकाट्याने. तुम्ही नसलात की असं होतं. आता पुन्हा पोत्यावर बसायचं नाही. ओल्या फडक्याने ट्रे धरायचा नाही. गोळी माझ्यासमोर घ्यायची. कळलं का? मी काय म्हणतेय?’

काकूंनी वाट पाहिली. काकांचे ओठ हलले. कोरड्या घशातून, घोगरं, जेमतेम ऐकू येईल इतकंच आलं.

‘बरं.’